निकेलवरची बोटं

घरातल्या कुणी ते रिव्हॉल्व्हर उघड्या हातानं शिवलेलं अमरसिंहाला खपत नसे. वडील उदयसिंह वारल्यावर ते त्याच्याकडं आलं. लायसनही त्याच्या नावावर झालं. निकेलचं पाणी दिलेलं जुनं हत्यार. दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, मगच चाप दाबायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो सोप्यात वर्तमानपत्र पसरून बसायचा. नळीतून ब्रश फिरवायचा, तेलाचा हात द्यायचा आणि शेवटी बायकोच्या, संयोगिताच्या, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं इतकं पुसायचा की त्यात बघून कुंकू लावावं. "बोटांच्या घामानं निकेल मरतं," म्हणायचा. काडतुसं वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात.

त्या मंगळवारी सकाळी तो दूध आणायला गेला होता. चादर काढायला म्हणून संयोगितानं कपाट उघडलं, तर रिव्हॉल्व्हर घड्यांच्या मागं उघडंच पडलेलं. त्याच्या पांढऱ्या निकेलवर सगळीकडं बोटं उठली होती. एका दिवसाची नव्हेत, कित्येक दिवसांची. रोज कुणीतरी हातात घ्यावं आणि परत ठेवावं, तशी.



चार महिने ती हेच मनात धरून भीत होती. अमरसिंह शिरोलीच्या एका फौंड्रीत फोरमन. चार महिन्यांपूर्वी तिथं क्रेनची साखळी तुटली आणि साचा अरबाजच्या अंगावर पडला. अरबाज सव्वीस वर्षांचा. त्याला कामाला लावलं होतं अमरसिंहानंच. साखळी बदलायची म्हणून त्यानंच लिहून दिलेलं, पण 'आजची पाळी निघू दे' असं म्हणालाही तोच. त्या दिवसापासून तो कामावर गेला नाही. जेवणात लक्ष नाही, बोलणं तर नाहीच. विचारलं की एकच, "तू गप बस."

संयोगितानं हत्यार टॉवेलात गुंडाळलं, भाजीच्या पिशवीत घातलं, वर मेथीची जुडी ठेवली आणि रिक्षा केली. कुठं जायचं हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. त्या रिव्हॉल्व्हरची नस न् नस ओळखणारा माणूस कोल्हापुरात एकच होता. मीरासाब. बंदुका दुरुस्त करणारा. आणि अरबाजचा बाप.

दुकानात मीरासाब शिलाई मशीन उघडून बसला होता. आता बंदुका कमी, मशिनीच जास्त. संयोगिताला बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. बस म्हणाला नाही.

"चाचा," तिनं पिशवी पुढं केली. "ह्ये ठेवून घ्या. नायतर मोडा. घरात नको."

टॉवेल सुटल्यावर त्याचा चेहरा बदलला. नळी भिंतीकडं करून त्यानं सवयीनं एकेक काडतूस बाहेर काढलं. पाच निघाली.

"भरलेलं पिशवीत घालून रस्त्यानं आलीस? लायसन तुझ्या नावावर हाय? धरली असती म्हंजे?"

"धरू दे की मला. पण त्यास्नी..."

मीरासाब बोटांच्या ठशांकडं बघत राहिला. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "माझा पोरगा गेला. तुझा नवरा मयतीला आला न्हाई. चार महिनं मी दाराकडं बघतोय. आणि आज तू आलीस, ती ह्ये घिऊन?"

"व्हय. दुसऱ्या कुणाकडं जाऊ, तुमीच सांगा."

बाहेरून केएमटीची बस गेली, तेवढा काचेचा दरवाजा थरथरला.

"तो कुठाय आत्ता?"

"घरी आलं असतील."

"एकटा?" मीरासाब ताडकन उठला. "अगं, हत्यार आणलंस, पर माणूस एकटा सोडून आलीस!" त्यानं रिव्हॉल्व्हर तिजोरीत कोंडलं, शटर खाली ओढलं आणि स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक सिग्नलला संयोगिता देवीचं नाव घेत होती. अंबाबाई, एवढं पोचू दे. एवढंच पोचू दे.

दार उघडंच होतं. कपाट रिकामं करून अमरसिंह चादरींच्या ढिगात बसला होता. "कुठं ठेवलंस?" तो बायकोवर ओरडला, आणि तिच्या मागं मीरासाब दिसताच सरकत भिंतीपाशी गेला. भिंतीला पाठ लावून तो म्हणाला, "चाचा, मारा मला. तुमच्या हातनं मारा."

"मारायचं असतं तर तवाच आलो असतो," मीरासाब म्हणाला. "लई वाटलं. खोटं कशाला बोलू?" त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं. "हत्यार दुकानात जमा करून घेतो. मालकाची सही लागती. कारण काय लिहू?"

अमरसिंह म्हणाला, "लिवा, मला माझा भरवसा न्हाय."

चार महिन्यांत त्यानं बोललेली ती पहिली खरी गोष्ट होती. संयोगिता तोंडात पदर कोंबून रडली. त्यानं वाकडीतिकडी सही केली.

"आता ऊठ," मीरासाब म्हणाला. "आधी दवाखाना. मनाचा डाक्टर असतोय, त्याच्याकडं. मी संगं येतो. आणि मग माझ्या घरी. मेहमुदा तुझं तोंडबी बघायची न्हाई कदाचित. तरीबी यायचं."

डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं, औषधं दिली, आठवड्यानं परत बोलावलं आणि संयोगिताला बजावलं, यांना एकटं सोडू नका. दुपार कलताना तिघं मीरासाबच्या घरी पोचले. अरबाजच्या आईनं, मेहमुदानं, अमरसिंहाला बघितलं आणि आतलं दार लावून घेतलं. तो उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसला. संयोगिता त्याच्या शेजारी बसली. कुणी पाणी विचारलं नाही. शेजारणी बघून गेल्या. मीरासाब दुकानात जाऊन आला, तरी ते दोघं तिथंच.

उन्हं उतरली तेव्हा आतली कडी वाजली. मेहमुदा दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, आवाज मात्र स्थिर.

"त्या दिवशी माझा पोरगा जेवला हुता का?"

अमरसिंहानं वर बघितलं. "व्हय. माझ्याच डब्यातलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वांग्याची भाजी. आनी उद्या तुमच्या हातची खीर आणतो म्हणाला."

मेहमुदा चौकटीला धरून खाली बसली. "आनखी काय म्हणाला?" तिनं विचारलं.

अमरसिंह सांगू लागला.