आतून काळा रंगवलेला दरवाजा

मित्रांनो, मी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या एका ब्यूटी पार्लरच्या टॉवेलांच्या कपाटाचा जुना दरवाजा आहे, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. सुताराने माझी वरची बिजागरी तिरकी बसवली. त्यामुळे कुणी हात लावो न लावो, मी आपला हलत असतो, करकरत असतो. आमच्या मालकीणबाई लुएला प्रायर म्हणायच्या, "हा दरवाजा नाही गं, माझी सासू आहे. मिनिटभर गप्प बसेल तर शपथ!"

आमच्या काळ्या लोकांना त्या दिवसांत मत द्यायचे तर आधी कचेरीत परीक्षा द्यावी लागे. गोरा कारकून कायद्यातला एक उतारा पुढे सरकवी. तो वाचायचा, त्याचा अर्थ सांगायचा, आणि तो बरोबर की चूक हे कारकुनाच्या मर्जीवर. म्हणून एका रविवारी चर्चमधून आल्यावर लुएलाबाईंनी माझी आतली बाजू काळी रंगवली. मी फळा झालो. नागरी हक्कांवरच्या आणि स्त्रियांच्या बरोबरीवरच्या पत्रिका त्या टॉवेलांखाली दडवत, आणि त्यांतले शब्द माझ्यावर खडूने लिहीत. केस सरळ करायचा लोखंडी कंगवा शेगडीवर तापेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाने एक शब्द शिकायचा, असा नियम होता. बाहेर अनोळखी मोटार थांबली की मला धाडकन बंद करीत. मी पुन्हा उघडायला बघायचो, मग लुएलाबाई मला पाठ टेकून, हसतमुखाने उभ्या राहत. त्यांच्या छातीची धडधड पाठीतून मला लागायची.

अर्नेस्टीन बॉगन ही तिथली सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी. वय बावन्न, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरणारी. तिच्या वस्तीतल्या शाळेचे छप्पर गळत होते आणि शाळेच्या मंडळावर कोण बसणार हे मतांवर ठरे. तिला मत हवे होते ते त्या छपरासाठी.

शब्दाचा अर्थ प्रत्येकीने स्वतःच्या घरातला सांगायचा, अशी तिथली रीत होती. एकदा 'समान' शब्द निघाला.

"मी दिवसभर उभी, माझा नवराही दिवसभर उभा," अर्नेस्टीन म्हणाली. "रात्री कोंबडीची तंगडी त्याला आणि मान मला. हे समान नव्हे."

"मग आज काय करशील?" लुएलाबाईंनी विचारले.

"मान त्याच्या ताटात वाढीन आणि तोंड बघत बसेन!"

सगळ्या बायका इतक्या हसल्या, की शेगडीवरचा कंगवा तापून लाल झाला.

चार महिन्यांत अर्नेस्टीन माझ्यावरचे सगळे शब्द धडाधड म्हणू लागली. जी ती माझे कौतुक करी. मीही फुशारून गेलो. मग ती पांढरे हातमोजे घालून कचेरीत गेली आणि तासाभरात टोपी हातात घेऊन परत आली.

"काय गं?"

"शब्द आपलेच असतील, लुएला. पण आपला 'नागरिक' वर डाव्या कोपऱ्यात असतो, बिजागरीपाशी. तिथं तो मधेच कुठंतरी गर्दीत उभा. मला ओळखूच आला नाही. तो कारकून म्हणाला, अर्नेस्टीन, घरी जा आणि इस्त्री कर."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती शब्द शिकलीच नव्हती, मला शिकली होती! लुएलाबाईंचे अक्षर इतके सुरेख, की पुसायला त्यांचा हात धजावत नसे. महिनोन्‌महिने शब्द जागच्या जागी राहिले होते.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या आणि ओल्या टॉवेलने त्यांनी मला खसाखसा पुसले.

"मी नाही परत जाणार. एकदा शोभा झाली ती पुरे."

"कंगव्याने एकदा कान भाजला, म्हणून केस विंचरायचे सोडलेस का?"

मग रोज शब्दांच्या जागा बदलू लागल्या. अर्नेस्टीन ते पत्रिकेत हुडकी, चर्चच्या कागदात हुडकी, साबणाच्या वेष्टनावरसुद्धा हुडकी. 'स्त्री कुणाची बायको असण्याआधी या देशाची नागरिक आहे,' हे वाक्य एका पत्रिकेत तिने स्वतः वाचले आणि चष्मा काढून बराच वेळ पुशीत बसली. मी करकरलो तर माझ्यावरच खेकसली.

वसंतात ती पुन्हा गेली. परत आली ती पार्लरचे दार ढकलूनच.

"वाचलं मी! सगळं वाचलं. मग तो म्हणतो, अर्नेस्टीन, नागरिक म्हणजे काय? मी म्हटलं, गोऱ्या बायकांना म्हणता तसं मिसेस बॉगन म्हणा. नागरिक म्हणजे जिला नीट नावानं हाक मारावी लागते ती."

"अगं बाई! मग?"

"मग काय, नापास. पण लुएला, मागच्या वेळी मला वाटलं होतं, मीच ढ. आज मला कळलं, तो खोटं बोलतोय."

त्यानंतर ती आणखी चार वेळा गेली. चौथ्या खेपेला तिचे नाव नोंदले गेले.

आता पार्लर नाही. मी एका संग्रहालयात आहे. त्या माणसांचा हेतू चांगला आहे. त्यांनी माझी बिजागरी सरळ केली, मला भिंतीला स्क्रूने आवळले आणि लुएलाबाईंच्या शेवटच्या अक्षरांवर काच बसवली. शाळेची मुले येतात, शब्द वरून खाली घडाघडा म्हणतात आणि टाळ्या घेतात. मला मात्र हलता येत नाही, आणि माझा जीव नुसता तळमळतो. त्यातली निम्मी मुले तर माझ्याकडे न बघताच म्हणत असतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मला जपायचे असेल, तर ही काच काढा आणि मला पुसून टाका. मग त्यांतला एक शब्द भलत्याच कोपऱ्यात लिहा, आणि तिथे तो तुम्हाला ओळखू येतो का बघा.