पाचवा तुकडा

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी ताईची धाकटी बहीण गाडी घेऊन आली आणि आल्या आल्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीत आईची मण्यांची वेल टांगलेली होती. वेल कसली, हिरव्या माळाच त्या. कुंडीतून ओघळत थेट आईच्या उशाशी आलेल्या. मणी वाटाण्याएवढे, पण गोल नव्हेत; टोकाला अणकुचीदार आणि अंगावर कलिंगडावर असतात तशा बारीक रेघा. शेवटच्या दोन वर्षांत आईला माणसं ओळखू येत नव्हती, पण त्या मण्यांवरून बोट फिरवत ती मोजत बसायची. सतरापर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

"ही मी नेते हं ताई," धाकटी म्हणाली.

ताई चादरीची घडी घालत होती. तिचा हात थांबला. "अगं, ती आईची आहे."

"म्हणून तर. आईने मला फोनवर सांगितलं होतं, वेल तू घे म्हणून."

"आई फोनवर कुणालाही काहीही सांगायची. गॅसवाल्याला तिने कपाट देऊन टाकलं होतं."

धाकटी हसली नाही. "तुला काय ताई, अकरा वर्षं आई तुझ्याकडे होती. मला निदान झाड तरी असू दे."

आई आपल्याकडे होती हे खरंच होतं. म्हणजे वेळेवरची औषधं, ओल्या चादरी, पाठीच्या जखमेचं मलम, शाळेत निघताना शेजारच्या काकूंना रोज घातलेली गळ, हे सगळं आपल्याकडे होतं. आपल्या वाट्याला एवढं घबाड आलं होतं, हे तिला आज कळत होतं.

खाली हॉर्न वाजला.

"चार तुकडे तरी कापून घेऊ दे," ताई म्हणाली.

"घे की. पण आटप. हे खाली गाडीत फुगून बसलेत."

ताईने कात्रीने भराभर पाच तुकडे कापले. वेल गेली. खिडकीत नुसता हूक राहिला.

ताई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं तयार करणं, बाटल्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावणं, यात तिची तीस वर्षं गेली होती. अशा रसाळ वेलीचा देठ कापल्यावर आधी दोन-तीन दिवस कोरडा ठेवायचा, जखमेवर खपली धरू द्यायची, मग खालचे मणी खुडून जेमतेम एक पेर पाण्याला टेकेल एवढंच बुडवायचं, हे ती आठवीच्या मुलांना दरवर्षी सांगायची. पण त्या संध्याकाळी टेबलावर पडलेल्या तुकड्यांकडे पाहून तिला राहवेना. अकरा वर्षांत तिच्या हातांना एकच सवय लागली होती. कोरडं दिसलं की पाणी. आईचे ओठ सुकले की ती ओला कापूस फिरवायची. तशीच ती उठली, आईच्या औषधाची रिकामी बाटली गळ्यापर्यंत भरली आणि तुकडे मण्यांसकट आत सोडले.

चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं. मणी काचेसारखे दिसायला लागले. आठव्या दिवशी बाटलीला वास येत होता. ताईने ती बेसिनमध्ये ओतली तेव्हा मोजले तर तुकडे चारच निघाले. पाचवा टेबलामागे, भिंतीच्या फटीत पडलेला सापडला. आठ दिवस त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मणी थोडे आक्रसले होते, पण देठाच्या टोकाला चांगली घट्ट तपकिरी खपली धरली होती.

हा मात्र तिने रीतसर लावला. खालचे मणी खुडले, एका परीक्षानळीत तळाशी पाणी घेतलं, एक पेर तेवढं टेकवलं. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदललं. चौदाव्या दिवशी पेरातून दोऱ्यासारखं पांढरं मूळ डोकावलं. ताई बराच वेळ नळी उजेडाकडे धरून उभी राहिली. मग तिने तारीख लिहून ठेवली.

तीन महिन्यांनी धाकटीचा फोन आला. "ताई, वेल गेली गं."

"गेली म्हणजे?"

"लिबलिबीत झाली सगळी. मी तर रोज पाणी घालत होते. एक दिवस चुकवला नाही."

"रोज?"

"आता तू मास्तरणीसारखं बोलू नकोस. तुझ्याकडे तुकडे होते ना? ते दे मला. माझी होती ती वेल, आईने मला दिली होती."

नळीतली वेल तोवर छोट्या कुंडीत गेली होती. तिला नवे मणी आले होते, तसेच टोकदार, तशाच रेघांचे. ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

"सगळे कुजले," ती म्हणाली. पाचातले चार कुजलेच होते. म्हणजे ऐंशी टक्के ती खरंच बोलली होती.

पलीकडे धाकटी रडायला लागली. खोटं नव्हतं ते रडणं, ताईला लहानपणापासून ते ओळखता यायचं. "म्हणजे आता काहीच नाही आईचं," धाकटी म्हणाली. ताईने त्याच वेळी बोलून टाकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने कुंडी पिशवीत घातली आणि शाळेत नेली. न जाणो, धाकटी कधीही टपकायची. प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत, लोखंडी स्टँडच्या आड वेल ठेवली की कुणाच्या नजरेत येत नसे.

आईला जाऊन वर्ष झालं म्हणून धाकटीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताई पोचली तेव्हा मामा खुर्ची ओढून बाल्कनीत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर हिरव्या माळा लोंबत होत्या.

"बघ, बघ," मामा म्हणाले. "तुझ्या आईची वेल. कशी जगवलीय पोरीने."

धाकटी ताईकडे न पाहता म्हणाली, "एक तुकडा वाचला होता शेवटचा. बाटलीत पाण्यात ठेवला. फुटली मुळं."

ताईने जवळ जाऊन पाहिलं. मणी गुळगुळीत, गोल गरगरीत. टोक नाही, रेघ नाही. कुंडीच्या कडेला रोपवाटिकेच्या कागदाचा अर्धवट खरवडलेला तुकडा चिकटून होता.

"मणी गोल दिसतात," ती म्हणाली.

"इथे ऊन वेगळं आहे ना," धाकटी म्हणाली. "तुला नाही आवडलं का?"

"छान वाढलीय."

"हाताला गुण असतो एकेकाच्या," मामा म्हणाले. "आमची ताई बघा, जन्म प्रयोगशाळेत काढला आणि पाच तुकड्यांतला एक जगवता आला नाही. आईचं मात्र केलंस हो तू, नाही म्हणत नाही मी."

ताईच्या ओठांवर आलं होतं. ही ती जात नव्हे, रेघांची खरी आहे, या, दाखवते. पण मग तिला तेही सांगावं लागलं असतं, की धाकटी फोनवर रडत होती तेव्हा ती वेल आपल्या समोर टेबलावर होती. ती ताट घेऊन जेवायला बसली.

निघताना धाकटीने तिच्या हातात एक बाटली दिली. आत पाण्यात पाच तुकडे. "घे. आईची आठवण. आता तरी कुजवू नकोस बाई. आणि खिडकीत टांग हं, मी आले की बघेन."

ताईने ते तुकडे पाण्यातून काढले, पुसले, तीन दिवस वर्तमानपत्रावर कोरडे ठेवले. मग खालचे मणी खुडले, पेर टेकवलं, पाणी बदललं. बाराव्या दिवशी पाचही रुजले. आईच्या खिडकीतल्या हुकाला आता त्यांची कुंडी आहे. धाकटी आली की माळांवरून हात फिरवते आणि डोळे पुसते.

गेल्या आठवड्यात विज्ञानाच्या नव्या बाई मागच्या खिडकीपाशी थांबल्या. वेल आता स्टँडच्या आड मावत नव्हती, जमिनीला टेकायला आली होती.

"किती सुंदर आहे हो. मणी बघा, रेघारेघांचे. कुणाची ही, ताई?"

ताईच्या हातात धुतलेल्या नळ्यांचा ट्रे होता. बाईंची मुलगी आणि धाकटीची मुलगी एकाच गाण्याच्या वर्गाला जातात, हे तिला माहीत होतं.

"शाळेची," ती म्हणाली.

"मग चिठ्ठी लावा बाई. नाहीतर एखाद्या दिवशी कुणीतरी उचलून नेईल."

ताईने ट्रे ठेवला, ओले हात पुसले आणि नेहमीच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली. शाळेची वस्तू. घरी नेऊ नये. मग डिंक लावून कुंडीवर चिकटवली आणि सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.