सुताराच्या मांडवावरची वेल

मी कृष्णफळाची वेल बोलतेय, आणि जरा घाईत बोलतेय. माझं फूल दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं ते कायमचंच. तेवढ्या वेळात कुणी फिरकलं नाही तर सगळं मुसळ केरात.

सुताराच्या बायकोने मला बियेपासून वाढवलं. सुताराने हौसेने अंगणात लाकडी मांडव घातला. त्याच्या तुळईत भोकं कोरून एक भुंग्याची मादी राहायला आली. काळी, गुबगुबीत, सदा गुरगुरणारी. माझे पराग मला चालत नाहीत. शेजारच्या कुंपणावरच्या वेलीचे लागतात. मला जागचं हलता येत नाही. ही मादी ते पराग पाठीवर घेऊन यायची, बदल्यात पोटभर मध प्यायची. त्या वर्षी मी फळांनी वाकले होते.

पण सुताराला ती भोकं खुपायला लागली.

"गिऱ्हाईक काय म्हणेल? सुताराच्याच घराला कीड?"

त्याने भोकांत लांबीचा लगदा भरून ती बुजवली, वर रंगाचे दोन हात मारले. ती निघून गेली. यंदा माझी फुलं रोज उमलली आणि रोज गळली. जीव नुसता टांगणीला. तरी भोकं बुजवणं आणि फळं न धरणं यांचा संबंध त्या भल्या माणसाच्या डोक्यात काही आला नाही.

"नुसता पसारा झालाय. काढूनच टाकतो," म्हणत आज तो करवत घेऊन आला.

अंगणात गिऱ्हाइकाची नवी, बिनरंगाची चौकट टेकवून ठेवली होती. तिच्यातून भुसा पडताना दिसला. परत आली होती बया, आणि चांगली आतपर्यंत कोरून बसली होती. सुतार लांबीचा डबा आणायला वळला.

"अहो, थांबा. ही गेली आणि फळं गेली, एवढं कळत नाही?" बायको म्हणाली. "सगळ्या गावाला दारं करून देता, हिचंच तेवढं बुजवता?"

"चौकट गिऱ्हाइकाची आहे गं."

"मग दुसरी करा."

तो डब्याकडे न जाता मागे फिरला. मग त्याने करवत उचलली. मी मुळापासून थरथरले. पण करवत चालली ती चौकटीवर. भोकाचा तुकडा त्याने अलगद कापला आणि माझ्या मांडवाला तारेने बांधला.

ती अजून आतच आहे, घाबरलेली. माझं फूल उघडं आहे आणि ऊन उतरत चाललंय. बाई गं, बाहेर ये ना.