उलटा ठेवलेला दगड

सन दोन हजार चोवीस, कार्तिक संपत आलेला. मी तेल शोधायला समुद्राच्या तळाखाली खणलेल्या विहिरीतून काढलेला दगड बोलतोय. हातभर लांब, पोटरीएवढा जाड. मुलुंडच्या गोदामात पेटीत उलटा पडलो होतो, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते.

माझा जन्म फाटण्यातून झाला. ही भूमी एके काळी दुसऱ्या भूमीला चिकटून होती. ती ताणली, फाटली, कडा खचल्या. खड्ड्यांत दलदल साचली, पाला कुजला. ती माझी खालची काळी बाजू. मग समुद्र आत शिरला, शिंपल्यांचा चुना बसला. ती वरची पांढरी. खड्डा जितका खोल खचला, तितकी आच जास्त. काळ्यात तेल शिजते, पांढऱ्याच्या भोकांत मुरते. चूल खाली, भांडे वर. हा क्रम गेला की मी नुसता धोंडा.

धोंडिराम तीस वर्षे या पेट्या सांभाळतो. सोमवारी त्याच्या नोकरीची मुदत वाढायची आहे. सकाळी त्याने मला धुतले. घासताना वरची बाजू सांगणारी खूण पुसली गेली. त्याने अंदाजाने ठेवले.

दगड वाचणारी मृणालिनी आली. भिंग लावून म्हणाली, "काळं वर? मग ही चूल नाहीच, नुसतं झाकण." तिने अहवालात लिहिले: खाली तेल तयार झालेले नाही, विहीर बुजवावी.

मला ओरडायचे होते. तोंड नाही.

अंधेरीहून तिच्या साहेबांचा, श्यामकांतांचा, फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"चार वाजता मीटिंग आहे. अहवाल पाठव ना आता!"

"पाठवते सर, दोन मिनिटं."

धोंडिराम झाकण लावायला वाकला आणि थबकला. माझी तुटकी कड त्याने पेटीतल्या शेजारच्या, खूण शाबूत असलेल्या तुकड्याला लावून पाहिली. बसेना. मला फिरवले. चपखल बसलो.

"मॅडम, पाठवू नका. हा उलटा आहे."

"काय सांगताय काका!" तिने स्वतः लावून पाहिले. "अरे देवा. सर, अहवाल चुकलाय. दगड उलटा होता."

"वाट लागली! कुणी ठेवला? मला नाव पाहिजे."

"सर, माझ्याच हातून..."

"मी ठेवला, साहेब," धोंडिराम मोठ्याने म्हणाला. मग तिच्याकडे वळून हळू बोलला, "गेल्या साली पेटी माझ्या हातून पडली. नाव तुम्ही तुमचं सांगितलंत. मी गप्प बसलो. आज बसणार नाही. लिहा."

तिने विहीर बुजवायची ओळ खोडली. खाली दगड उलटा ठेवणारा म्हणून त्याचे नाव लिहिले.