एका खिळ्याएवढं

थेंब सुटत नव्हता. नळीच्या वरच्या फुगीर भागात तो हळूहळू भरत गेला, लोंबला, अंगानं लांबट झाला आणि आता पडणार असं वाटतानाच थबकला – तांबूस काळा, गंजल्या पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रंगाचा. त्या रंगाची भुजंगरावांना कुणी ओळख करून द्यायला नको होती. एमआयडीसीतल्या सळयांच्या मिलच्या आवारात, भंगाराच्या ढिगाखालून, पावसाळाभर असंच पाणी वाहायचं, आणि त्यातून चालून गेलेल्या चपलांचे डाग घरच्या फरशीवरून बायकोनं, द्वारकाबाईंनी, घासूनही निघायचे नाहीत. थेंब पडला. त्याच्यामागे दुसरा भरू लागला.

लोखंड. सिस्टरनं बाटली टांगतानाच सांगितलं होतं, "काका, हे लोह आहे. हात हलवू नका." सुई डाव्या हाताला होती. उजवा हात मोकळा होता, आणि सिस्टर वळल्यापासून त्याचा अंगठा नळीवरच्या लहानशा पांढऱ्या चकरीवर होता. चकरी खाली सरकवली की नळी दाबली जाते, थेंब थांबतो. एवढंच. कुणाला कळणारही नाही...

"अगं बया," पलीकडच्या खाटेवरून सोनूबाई म्हणाली, "आमाला साधं पाणी, अन् यांना चहा चढवून राह्यले!"

"चहाच हाय मावशी, बिनदुधाचा," द्वारकाबाई म्हणाल्या. "घरी मागतेत तर दोनदाच्या वर देत न्हाई मी. मंग इथं येऊन बसले."

दोघी हसल्या. भुजंगरावही हसले असते, पण हसण्याला श्वास लागतो आणि श्वास हल्ली मोजूनमापून वापरावा लागत होता. मोरीपर्यंत जायचं तर एवढा, सदरा घालायचा तर एवढा. जालन्याहून पिंपळगावला जायचं, रेणुकाईच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या, एवढा श्वास तर आता शिल्लकच नव्हता. आणि तो कशानं संपला हे डॉक्टरांच्या आधीपासून त्यांना ठाऊक होतं. लोखंडानं. तेच आता बाटलीत भरून...

धर्मराज असाच गेला होता. रोलच्या या बाजूला आपण, त्या बाजूला धर्मराज – दोन जाडजूड लोखंडी लाटण्यांमधून लाल सळई सुसाट बाहेर यायची, ती सांडशीनं तोंडाशी धरायची, वळवायची आणि पुढच्या खाचेत परत द्यायची. जाईल तशी बारीक, लांब, वळवळती. "भुजंगा, तुझा भाऊ आला बघ, घे!" धर्मराज तिकडून ओरडायचा. रोज तोच विनोद, आणि रोज हसू यायचं, कारण हसलं नाही तर भीती वाटायची. पाळी सुटली की फाटकाशी बसून दोघं गुळाचा खडा चघळायचे, मग खाकरायचे, काळं थुंकायचे. गुळानं आतलं लोखंड सुटतं, असं जुने लोक सांगायचे. सगळं सुटत नसावं. धर्मराजचे पाय सुजले, दहा पावलांवर धाप लागायला लागली, आणि एका दिवाळीच्या आधी तो गेला तेव्हा मिलच्या फाटकावर सगळ्यांचं एकमत होतं – लोखंड काळजात बसलं. पुढं काही वर्षांनी माझे पाय सुजले तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पंप अशक्त झालाय. मी मान हलवली. का झालाय, ते मला माहीत होतं.

म्हणून तर रक्ताच्या गोळ्या सुरू झाल्यावर पाचसहा दिवसांतच शौचाला काळी व्हायला लागली तेव्हा ते हरखले होते. डांबरासारखी काळी. निघालं! तीस सालांचं लोखंड एकदाचं वाट फुटून बाहेर निघालं. जे गुळानं झालं नाही ते या बारक्या गोळ्यांनी केलं. ही गोष्ट बोलण्यासारखी नव्हती, कुणाशी बोललेही नाहीत, पण रोज सकाळी वाकून खात्री करून घेत, आणि गोळी चुकवत नसत. धाप मात्र वाढतच होती. तिचं त्यांनी मनाशी उत्तर काढलं होतं – माल खूप आहे, वेळ लागणार.

आणि आज सकाळी डॉक्टर औरंगाबादहून आलेला रिपोर्ट हातात धरून म्हणाले, "भुजंगराव, तुमच्या अंगात लोह फार कमी आहे."

"माझ्या?" भुजंगरावांना हसू आवरेना, हसता हसता खोकला आला. "साहेब, लोहचुंबक लावून बघा, चिकटून बसंल. सगळी उमर मिलमधी गेली. अन् जे होतं ते तुमच्या गोळ्यांनी निघून राह्यलं की, रोज काळं पडतंय..."

डॉक्टरही हसत होते ते थांबले. खाटेच्या कडेला टेकले. "ते मिलचं नव्हतं. मिलची धूळ छातीत जाते, खोकल्यातून पडते; ती रक्ताला लागत नाही. तुम्ही बघत होता ते गोळीतलं लोह. तुमच्या आतड्यांना सूज आहे, आतडी ते घेतच नव्हती. आणि जे थोडं आत साठ्यात आहे, तेही शरीर कुलूप लावून बसलंय. हृदय थकलेल्या पुष्कळांचं असं होतं. लोह घटतं, आणि ते घटलं की थकलेलं हृदय आणखी थकतं. म्हणून आता सरळ शिरेतून देऊ."

म्हणजे इतके दिवस मी... औषध जाताना बघून खूश होत होतो. भुजंगरावांनी आता खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या भामाकडे पाहिलं. त्यांची लेक सत्यभामा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. बापाला लागणाऱ्या गोष्टी तिला ठाऊक असतात आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

"भामे."

"काय, दादा?"

"माणसात असतं किती लोखंड?"

तिनं जरा विचार केला. इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर देवीच्या चित्राचं कॅलेंडर होतं, ते ज्यावर टांगलं होतं त्याकडे तिनं बोट केलं. "तेवढं. त्या खिळ्याएवढं."

"एका हातात?"

"सगळ्या अंगात, दादा. डोक्यापासून पायापर्यंत."

थेंब पडला.

भुजंगराव खिळ्याकडे बघत राहिले. मिलमध्ये असला खिळा कुणी वाकून उचलत नसे. ट्रकच्या ट्रक उतरायचे – मोडके नांगर, रूळ, खाटा, फोडलेल्या जहाजांचे पत्रे. एका पत्र्याला तर समुद्रातले शिंपले तसेच चिकटून आले होते, आणि ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता असे ते सगळे जण काम टाकून भोवती जमले होते. हे सगळं या हातांखालून गेलं. आणि ते हात, त्यांच्यातला जोर, धर्मराजची आरोळी, ती भीती, ते हसू – हे सगळं चाललं होतं एका खिळ्यावर?

"काय करतं ते एवढंसं?"

"श्वासातली हवा धरून ठेवतं. रक्तात ते वाहून नेतं, आणि हृदयाच्या मांसात... तिथं हवा लागते ना, जळायला. भट्टीसारखंच. मंद."

"अन् रक्त जुनं झालं की? फेकून देतं?"

"नाही, तेच तर." भामा पुढं सरकली; तिचा आवाज बदलला, अशा वेळी बदलतो तसा. "जुनी पेशी फोडतं, त्यातलं लोह काढून घेतं, नव्या पेशीत घालतं. पुन्हा पुन्हा. बाहेर जवळजवळ काहीच जाऊ देत नाही."

"म्हंजी भंगार."

"भंगारच."

"रीरोलिंग हाय की हे, भंगार वितळवून पुन्हा सळई," भुजंगराव पुटपुटले, आणि अंगावर काटा आला. भोंगा नाही, पाळी नाही, फाटक नाही. मी झोपलेला असताना, मी मिलमध्ये राबत असताना, आत कुणीतरी मोडतंय, वितळवतंय, ओढतंय, त्याच मूठभर मालावर... आणि मालक म्हणवणाऱ्याला पत्ताच नाही.

"पहिलं कुठून येतं?" त्यांनी विचारलं. "सुरुवातीचं?"

"आईकडून. पोटात असतानाच. नंतरचं भाकरीतून, भाजीतून."

"अन् ते आईचं, ते कधी संपतं?"

पुस्तकात हा प्रश्न नव्हता बहुतेक. "हळूहळू झिजतं," भामा म्हणाली. "पण सगळं... सगळं संपत नसावं. थोडं असेल अजून फिरत."

आई. गोजरबाई. बाजरीच्या कणसांवर वाकलेली, नऊवारीचा ओचा खोचलेली, तिला जाऊन किती वर्षं झाली. फोटोसुद्धा नव्हता तिचा एखादा. आणि तिच्यातला एखादा कण आत्ता, या घटकेला, माझ्या काळजातून... आत येतोय, बाहेर जातोय. तिनं पोटात दिलं ते मी इतकी वर्षं सांभाळत आलो आणि मला कुणी सांगितलंच नाही. भुजंगराव छातीवर ठेवायला हात उचलणार, तोच त्यांना जाणवलं की तो हात चकरीवर आहे.

खरं असेल हे? डॉक्टर नवीन काही शिकून आलेत, त्यांच्या बोलण्यात उत्साह आहे. उत्साहानं माणूस चुकतो. धर्मराजच्या वेळीही सगळ्यांना पक्कं माहीत होतं. की धर्मराज... या विचाराशी ते थांबले, त्याच्याकडे थेट बघवेना. लोखंडाच्या डोंगरात उभा राहून तो एका खिळ्याच्या तुकड्यासाठी उपाशी मेला असेल तर? आणि आम्ही फाटकावर उलटंच बोलत बसलो असू तर? कोण सांगणार. त्याचं रक्त कुणी औरंगाबादला पाठवलं नव्हतं.

"झोप लागली काय हो?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"न्हाई. बघून राह्यलो."

"काय बघता त्या चहाकडं!" सोनूबाई म्हणाली.

त्यांची नजर थेंबावरच होती. भीती गेली नव्हती. छातीत डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी ती होती. पण तिची चव बदलली होती. ही भीती ओळखीची होती – रोलसमोर पहिल्यांदा सांडशी धरून उभं राहिल्यावरची. पळायला लावणारी नव्हे, पाय रोवायला लावणारी. अंगठा अजून चकरीवर होता. दाबत नव्हता, सुटतही नव्हता. सांडशीच्या दांड्यावर असायचा तसा नुसता टेकलेला, वाट बघत.

वर थेंब भरत होता. लोंबला. लांबट झाला. भुजंगराव उशीवरून किंचित पुढं झुकले, पलीकडून आता काहीतरी येणार आहे आणि ते आपल्यालाच तोंडाशी धरायचंय अशा थाटात, आणि पार आतून, मिलच्या आवाजाच्या पलीकडून, कुणीतरी हसत ओरडल्यासारखं त्यांना वाटलं – भुजंगा, घे!