पाय धुण्याची परात

गुरुवार, २ एप्रिल २०२६. सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. भिवंडीहून पडघ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या प्रार्थनागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून एकशे बारा माणसे जमली होती. मी त्यांच्यासमोर व्यासपीठामागच्या भिंतीवर होते आणि माझ्या मधोमध एक दिवा जळत होता. त्याच वेळी मागचे दार उघडले. कोण आत आले, ते कळण्यासाठी आधी माझी हकीकत कळली पाहिजे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे.

माझा जन्म नाशिकला एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मेळ. तांब्याने मला रंग दिला आणि जस्ताने कठीणपणा. तांबटाने माझा काठ बाहेर वळवून दुमडला, म्हणजे धरणाऱ्याच्या बोटांना इजा होऊ नये. व्यास एकवीस इंच, खोली चार. अशी मी बाळाराम पारधे यांच्या लग्नात त्यांच्या घरी आले. बाळाराम हे भिवंडीत यंत्रमागांची, म्हणजे लूमची, दुरुस्ती करणारे कारागीर. त्यांच्या पत्नीने वीस वर्षे माझ्यात भाकरीचे पीठ मळले. ती वारली, तेव्हा घरात मळणारे कोणी उरले नाही आणि मी फळीवर पालथी पडून राहिले.

बाळाराम त्या वेळी आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील होते. मंडळीचा कारभार आणि माणसे सांभाळणाऱ्या पुढाऱ्याला आमच्याकडे वडील म्हणतात. एके दिवशी त्यांनी मला फळीवरून काढले आणि प्रार्थनेच्या खोलीत आणून जमिनीवर ठेवले. प्रभूने मरणाच्या आदल्या सायंकाळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे असेच धुवा असे सांगितले, ही गोष्ट त्यांनी वाचून दाखवली. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

त्या खोलीची झाडलोट करणारी काशीबाई दारातच उभी होती. ती म्हणाली, "अरं बाळाराम, चांगली भाकरीची परात तू वाया घालवलीस!"

"वाया न्हाय घातली काशे, कामाला लावली."

"मग पैला पाय माझाच घे. तुझी ही खोली झाडून झाडूनच मळलाय."

माझ्यात उतरलेला पहिला पाय तो. त्यानंतर माझ्यात पुन्हा कधी पीठ पडले नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वडिलांनी मंडळीचे पाय धुवायचे, असा पायंडा तेव्हापासून पडला. आदल्या दिवशी काशीबाई मला चिंच आणि राखेने घासून लखलखीत करीत असे.

मित्रांनो, माणसाचा चेहरा खोटे बोलू शकतो, पण पायाला ते जमत नाही. कापसाचे बारीक तंतू बोटांच्या बेचक्यांत साठलेले कामगार मी पाहिले. बारा-बारा तास उभे राहून शिरा फुगलेल्या बाया पाहिल्या. बाळाराम धुताना घाई करीत नसत. टाच उचलून खालून पाहत, प्रत्येक बोट वेगळे करीत आणि पाहता पाहता हलक्या आवाजात विचारत, "घरी सगळं बरं हाय ना?" खाली वाकलेल्या माणसाला लोक खरे उत्तर देत. व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला ते 'बरं हाय' एवढेच सांगत, असे माझ्या पाहण्यात आहे.

नवा वडील निवडायचा असला तर आमच्याकडे एक नियम होता. त्याने आधी स्वतःच्या घरच्यांचे पाय धुवायचे. जो आपले घर नीट सांभाळत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असा शास्त्राचा प्रश्न आहे आणि बाळाराम तो फार मनावर घेत. एकदा रघू नावाचा शिंपी या पदासाठी उभा राहिला. तो बायकोच्या पायाशी बसला मात्र, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "घरात कवा तांब्याभर पाणी दिलं न्हाय यानं, आन् हितं बघा कसा पाय चोळतोय!"

खोलीत एकच हशा पिकला. रघूही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. बाळाराम त्याला म्हणाले, "रघू, वरीसभर घरी पाणी दे. मग बघू." पुढच्या वर्षी बायकोनेच त्याचे नाव सुचवले.

आता काशीबाईविषयी. ती वळ गावच्या एका गोदामात माल बांधण्याचे काम करी. तिला साखरेचा आजार होता आणि त्याने तिच्या पायांची जाणीव हळूहळू गेली होती. एका गुरुवारी बाळारामांना तिच्या डाव्या अंगठ्याखाली पिकलेली जखम दिसली. तिला स्वतःला तिचा पत्ता नव्हता.

"हळू घास की! पाय हाय, लूमचा पट्टा न्हाय," ती म्हणाली.

"दुखतंय का?"

"न्हाय. सवयीनं बोलले."

बाळाराम दुसऱ्या दिवशी सकाळी तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर पाय गेला असता. तेव्हापासून प्रत्येक पहिल्या गुरुवारी काशीबाईचे पाय सर्वांत आधी माझ्यात येत.

वर्षे गेली. बाळारामांचे गुडघे वाकेनात, डोळ्यांत मोतीबिंदू आला. मंडळीने त्यांचा पुतण्या मितेश याला वडील निवडले. त्याने नियमाप्रमाणे घरच्यांचे आणि मग सर्वांचे पाय धुतले. मितेश मनाने वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्याच्यावर रागवाल. त्याचा आवाज गोड होता आणि तो कष्टाळू होता. संगमनेरला दिलेल्या मुलीकडे राहायला जाण्यापूर्वी बाळाराम त्याला म्हणाले, "बाकी सगळं तुला येतं. एक ध्यानात ठेव. काशीचे पाय दर महिन्याला बघायचे. तिला कळत न्हाय, तुला कळलं पायजे."

"काका, ते काय सांगायला पाहिजे?" मितेश म्हणाला.

मितेशच्या काळात मंडळी वाढली. खोली अपुरी पडू लागली, तेव्हा त्याने पडघ्याच्या रस्त्यावर एक मोठा गाळा भाड्याने घेतला. खुर्च्या आल्या, ध्वनिक्षेपक आला, आणि माझ्यासाठीही एक योजना आली.

"ही आपल्या मंडळीची आठवण आहे," तो म्हणाला. "ही कोपऱ्यात का पडून राहावी? सगळ्यांना दिसली पाहिजे."

सजावट करणारा कारागीर आला. त्याने माझ्यावर चकचकीत लेप चढवला. मग यंत्र लावून माझ्या मधोमध बारा मिलिमीटरचे भोक पाडले, त्यातून वायर ओढली, दिवा बसवला आणि मला भिंतीवर घट्ट केले. खाली सोनेरी अक्षरे आली : 'जो पुढारी, तो सेवक'. लोक म्हणाले, परात अगदी सूर्यासारखी दिसते. ती स्तुती ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. परंतु मित्रांनो, ज्या भांड्यात पाणी राहत नाही, त्या भांड्याने कशाचा आनंद मानावा?

पहिल्याच रविवारी काशीबाई उभी राहिली आणि तिने भर सभेत विचारले, "मितेश, दिवा बरा दिसतोय. पन आता पाय कुठं धुशील?"

"मावशी, आता शंभरावर माणसं झालीत. एकेकाचे पाय धुवायचे तर तीन तास लागतात, लोकांच्या रात्रपाळ्या असतात. आपण प्रतीक म्हणून पाणी शिंपडू."

"शिंपडून टाच दिसंल व्हय रं?"

काही जण हसले. मितेशचा चेहरा बदलला. तो ध्वनिक्षेपकाजवळ सरकला आणि म्हणाला, "प्रत्येक मंडळीत कामाच्या आड येणारी माणसं असतात. काशीमावशींसाठी आपण सगळे प्रार्थना करूया, की देव त्यांना नम्रता देवो."

शंभर माणसांनी डोळे मिटले आणि मोठ्याने आमेन म्हटले. भिंतीवरून मला एवढेच दिसले, की एकटी काशीबाई डोळे उघडे ठेवून उभी होती. पुढच्या रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. त्यापुढच्या रविवारी ती खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली.

भावाची चूक असेल तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, दोघांतच बोल, असा शास्त्राचा दंडक आहे. मितेशने त्यावर दोन उत्तम प्रवचने दिली होती. तो मात्र गेला नाही. बाळाराम संगमनेरहून फोन करीत. मितेश माझ्याखालीच उभा राहून बोले, म्हणून मला ऐकू येई.

"काशी येती का रं?"

"नाही काका. रुसल्यात थोड्या."

"मग तू जा. एकटा जा. हात जोडून जा."

"जातो काका. एवढा ईस्टर झाला की जातो."

ईस्टर झाला. मग लग्नसराई आली, मग मुलांची शिबिरे. दरम्यान काशीबाई आपली खोली सोडून अंजूरला बहिणीकडे राहायला गेल्याचे कोणीतरी सांगितले. मितेश म्हणाला, बरे झाले, तिथे त्यांना सोबत होईल. त्या सगळ्या महिन्यांत, दर पहिल्या गुरुवारी, माझा दिवा लागत होता आणि कोणाचीही टाच कोणी उचलून पाहत नव्हते.

आता तुम्हाला कळेल, त्या गुरुवारी मागच्या दाराने कोण आत आले.

पुढे बाळाराम होते, काठी टेकत. डोळ्यांचे ऑपरेशन होऊन ते आदल्याच दिवशी भिवंडीला परतले होते आणि आल्याबरोबर अंजूरला जाऊन आले होते. त्यांच्या मागे चौकटीचा वॉकर उचलत, ठेवत काशीबाई येत होती. उजवे पाऊल जमिनीवर पडत होते. डाव्या बाजूला साडीचा घोळ नुसताच हलत होता.

मितेश तेव्हा प्रभूने कमरेला रुमाल कसा बांधला, ते सांगत होता. त्याचे वाक्य अर्ध्यावर तुटले.

"मावशी… हे कधी झालं?" ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्या गाळ्यात घुमला.

"सलाम, मितेश," ती मंडळीच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली. "दिवाळीच्या आधी झालं. गोदामात फळीचा खिळा चपलेतून आत गेला. मला काय कळतंय? तसाच पाय घेऊन ड्युटी केली. बहिणीला वास आला, तवा कळलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगायचं नव्हतं रं," काशीबाई म्हणाली. "तू बघायचं व्हतंस."

बाळारामांनी तिला पहिल्या ओळीत बसवले आणि ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मितेशने ध्वनिक्षेपक बंद केला. मग तो खुर्चीवर चढला, त्याने माझा दिवा काढला, वायर ओढून तोडली आणि मला भिंतीवरून उतरवले. किती दिवसांनी मला जमीन लागली!

त्याने मला काशीबाईसमोर ठेवले आणि तांब्याने पाणी ओतले. पाणी गरगर फिरले आणि मधल्या भोकातून खाली गालिच्यात जिरून गेले. त्याने पुन्हा ओतले, तेही गेले. मितेश वेड्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला.

"एवढं तोंड पाडू नको," काशीबाई म्हणाली. "तुझं काम आता निम्मंच राहिलंय."

त्या वाक्यासरशी मितेश गुडघ्यांवर कोसळून रडू लागला. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताचा तळवा माझ्या भोकावर दाबून धरला. बाळारामांनी काठी बाजूला ठेवून पाणी ओतले. या वेळी ते राहिले. काशीबाईने आपले पाऊल त्याच्या तळव्यावर टेकवले आणि तो एका हाताने धुऊ लागला. त्याने टाच पाहिली, प्रत्येक बोट वेगळे करून पाहिले.

"मावशी, इथे भेग आहे. उद्या दवाखान्यात जाऊ."

"उद्या उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडेची सुट्टी. दवाखाना बंद असंल."

"मग शनिवारी. मी येतो न्यायला."

"बघू, येतोस का," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. तो विश्वास पुन्हा यायला बरीच वर्षे लागतील, असे मला वाटते. आणि पाऊल तर कधीच परत येणार नाही.

मित्रांनो, सध्या मी प्रार्थनागृहाच्या दाराशी, जमिनीवर असते. भोक बुजवून आणू का, असे मितेशने विचारले होते. बाळाराम म्हणाले, "राहू दे. ज्याला पाय धुवायचे, त्यानं आपला हात खाली ठेवावा." म्हणून ते तसेच आहे. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी वर्गाचा, संघाचा किंवा मंडळीचा पुढारी होईल. तेव्हा आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना भिंतीवर चढवून मान देऊ नका. आम्हाला खाली ठेवा, वापरा आणि वापरताना वाकून पाहा. उभ्याने जे दिसत नाही, तेच बहुतेक वेळा दुखत असते, किंवा दुखायचेही थांबलेले असते.

त्या सायंकाळी प्रार्थनागृहात माणसे होती एकशे चौदा. काशीबाईचे धुवायचे राहून गेलेले पाय होते दोन. धुतला गेला एक.