बसायची जागा

एसटीच्या पायरीवरून उतरताना वैजनाथने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि शिवकन्येने खांदा झटकला. त्याचा घामेजलेला तळवा पोलक्याला नुसता लागला, तेवढ्यानेही तिला शिसारी आली. अकरा दिवस त्याने दारूला तोंड लावलं नव्हतं, तरी अंगाचा तो आंबूस वास गेला नव्हता. चौदा वर्षं ओकारीने भरलेल्या वाकळा धुऊन आपलं नाकच बिघडलं असावं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तोंड हुंगू नका, विश्वास ठेवा, असं शिरड शहापूरच्या आशा कार्यकर्त्या सपनाताई तिला बजावून गेल्या होत्या.

वसमतचं नावही सपनाताईंनीच सांगितलं. दर रविवारी दुपारी मोंढ्याच्या मागे दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. गोल बसतात, पैसे घेत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, कुणी कुणाला नावं ठेवत नाही. ह्या खेपेला मोडलं तर लेकीला घेऊन कळमनुरीला माहेरी जाणार, हे शिवकन्येने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, आणि ती पोकळ धमक्या देणारी बाई नव्हती.

मोंढ्याच्या कोपऱ्यावर सोड्याची गाडी उभी होती.

"भाऊ, हितं दारूवाल्यांची बैठक कुठं असती?"

गाडीवाल्याने आधी तिच्याकडे, मग मागच्या वैजनाथकडे पाहिलं. "बसायचंय का?"

"व्हय. यांला बसायचंय."

"गोदामाच्या मागं पत्र्याची खोली हाय. बिनधास जा."

अशी बायको मिळायला नशीब लागतं, अशा नजरेने त्याने वैजनाथला न्याहाळलं. पिणाऱ्यांमध्ये 'बसणं' कशाला म्हणतात हे एव्हाना तिला ठाऊक असायला हवं होतं. पण तिच्या माहितीत वैजनाथ कधी कुणात बसलाच नव्हता. तो उभ्या उभ्या उरकून घरी येऊन पडायचा. गल्लीत हळदीची धूळ उडत होती, तिचं नाक त्या धुळीने पार चोंदलं होतं. नाहीतर ती दारातूनच मागे फिरली असती.

आत सहा-सात माणसं खरोखरच गोल बसली होती.

"या पाव्हणं, या. वहिनी, तुमीबी टेका."

सरकून जागा करून दिली. नाव विचारलं नाही, पैशाचं कुणी बोललं नाही. सपनाताईंनी सांगितलं होतं तसं सगळं बरोबर होतं. शिवकन्येला हायसं वाटलं आणि ती टेकली. मग तिला मधोमध पसरलेला कागद दिसला. कांद्याच्या फोडींवर माश्या, चोखून टाकलेली लोणच्याची कोय, शेंगदाण्यांत कुणाची तरी थुंकी. एका म्हाताऱ्याने पेल्यात बोट घालून ढवळलं, ते बोट चाटलं आणि तोच पेला वैजनाथपुढे धरला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. गाडीवाल्याने 'बसायचंय का' विचारलं, तेव्हापासून हा माणूस सगळं जाणून मुकाट तिच्या मागे आला होता.

ती बाहेर धावली आणि नालीवर वाकून भडभडा ओकली. थोड्या वेळाने मागे चपला वाजल्या.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

त्याने उघडलं. ओकल्यावर तिचं नाक मोकळं झालं होतं; तिने हुंगलं. तिथे दारू नव्हती.

"तुमाला ठाव हुतं."

"व्हय."

"मंग बोलले काहून न्हाई?"

वैजनाथने दस्तीने कपाळ पुसलं. "खरी बैठक पल्याडच्या शाळंत असती. दोनदा दारापस्तोर गेलतो. दोन्हीबी टायमाला तिथून हिकडंच आलो."

ती नुसती हाताने 'चला' म्हणाली आणि चार हात अंतर ठेवून मागे चालत राहिली.

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून लोक गोल बसले होते. दाराशी वैजनाथ थबकला. "तू बाहीरच थांब. तुह्यापुढं मला जमणार न्हाई," म्हणाला आणि खरंच आत गेला. ती खिडकीखाली ओट्यावर बसली.

बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला.

"माझं नाव वैजनाथ. घरी अकरा दिवस सांगितलेत. खरं म्हणाल तर आज दुसरा हाय."

म्हणजे नाक बिघडलं नव्हतं. आत टाळ्या वाजल्या. दोन दिवसांना टाळ्या! तिला त्या टाळ्यांचीही किळस आली. असल्या माणसाच्या शेजारी आपण अकरा रात्री निवांत झोपलो, ह्याची त्याहून जास्त. तिने उठून चपला पायात सरकवल्या. कळमनुरीला आजच फोन करायचा होता.

आतला आवाज पुन्हा सुरू झाला. तो लेकीच्या कानातल्या रिंगांचं सांगत होता. त्या जावेने चोरल्या म्हणून शिवकन्येने दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला होता. "म्या नेल्या," वैजनाथ म्हणत होता, "लेकरू झोपलं हुतं तवा कानातून काढल्या."

दारातून एक वयस्कर बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "ऊन हाय बाई, आत या. घरच्यांलाबी बसता येतंय."

"न्हाई," शिवकन्या हळूच म्हणाली. "मला बघून ते गप होतील."

आणि ती खिडकीच्या आणखी जवळ सरकली.